आखेनचं कॅथेड्रल: गेले होते ऊब शोधायला, सापडली नवकंकरी

मुक्काम_आखेन
रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मी वाईची. ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स करतेय, इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत, आर-डब्ल्यू-टी-एचला. (इथे असं म्हटलं की समोरचा दोन सेकंद नुसता बघतो, मग त्याची ट्यूब पेटते, ‘आह, एर-वे-टे-हा!’) जानेवारीतला रविवार इथे काय प्रकार असतो ते इथे राहिलेल्यालाच कळेल. नाताळचा बाजार उठलेला, दुकानं बंद, पाचच्या आत अंधार, आणि रूमवर बसावं तर वॉशिंग मशीन लावलं म्हणून खालचे आजोबा वर येऊन दार वाजवतात. आज सकाळी तर हीटरच बिघडला. आईला फोन केला तर तिकडे मस्त हुरडा पार्टी चाललेली, मग जास्तच रडू यायला लागलं. म्हटलं बाहेर पडू, कुठेतरी उबेला बसू. माझा एक नागपूरचा वर्गमित्र आहे, तोही असाच कंटाळलेला. रविवारी फुकटात कुठे बसता येतं? तर डोममध्ये. डोम म्हणजे इथलं कॅथेड्रल. चार महिने रोज बाजूने जातेय, आत एकदाही गेले नव्हते, लाज वाटते सांगायला.

डोमच्या बाहेर पोचलो तेवढ्यात घंटा सुरू झाल्या आणि मला एकदम आमच्या मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा आठवली. का ते कळलं नाही, आवाज काही तसा नव्हता.

आत शिरताना मी सवयीने चपला काढायला जागा शोधत होते हो! बूट अर्धा काढला पण होता. मित्राने हसून घेतलं, तर दुसऱ्या मिनिटाला तिथल्या माणसाने त्यालाच खूण केली की टोपी काढा. माकडटोपी होती, आईने विणलेली. आपल्याकडे देवासमोर डोकं झाकतात आणि पाय उघडे ठेवतात, इथे बरोबर उलटं.

आता डोमबद्दल. मधला भाग अष्टकोनी आहे, शार्लमेन बादशहाने (इथे त्याला कार्ल म्हणतात, थोरला कार्ल) साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराला बांधून घेतलेला. आतून आठ बाजू, बाहेरून सोळा. वर घुमट, तीस मीटरच्या वर उंच. ८०० साल म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट, वेरूळचं कैलास त्याच्या थोडंच आधीचं, हे डोक्यात आलं तेव्हा कुठे मला त्या दगडांचं वय कळलं, नाहीतर नुसता आकडा वाचून काही होत नाही. मध्ये साखळीला लटकलेलं एक भलंमोठं कडं आहे, ४८ मेणबत्त्यांचं, बार्बारोसा बादशहाने दिलेलं, बाराव्या शतकातलं. आणि अष्टकोनाच्या पुढे एकदम काचच काच! हा भाग १४१४ चा, शार्लमेन मेल्याला सहाशे वर्षं झाली म्हणून पूर्ण केलेला, इथले लोक त्याला काचेचं घर म्हणतात. बाहेर पार राखाडी आभाळ होतं तरी आत निळं-लाल काहीतरी सांडलेलं. अर्धा तास आम्ही दोघं नुसते बसून होतो, एक शब्द न बोलता. नागपूरकर गप्प बसला हीच मोठी गोष्ट.

मग गाईडेड टूर घेतली, कारण वरच्या मजल्यावर तसं जाऊ देत नाहीत आणि शार्लमेनचं सिंहासन वर आहे. गोल जिना चढून गेलो. माझ्या डोक्यात सिंहासन म्हणजे सोनंबिनं, निदान दोन सिंह तरी. तर काय, चार संगमरवरी फरशा उभ्या करून ब्राँझच्या पट्ट्यांनी जोडलेल्या, पुढे सहा पायऱ्या, बास. स्टँडवरच्या बाकड्यावर जास्त नक्षी असते. ९३६ पासून १५३१ पर्यंत तीसएक जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे झाले, ते सगळे यावर बसले म्हणे. आमच्या गाईडने (पोरगीच होती, माझ्याहून लहान असेल) सांगितलं की या फरशा जेरुसलेमहून, येशूच्या थडग्याच्या चर्चमधून आणल्या असं मानतात, म्हणून साध्याच ठेवल्या, दगडच पवित्र आहे तर वर नक्षी कशाला.

आणि मग तिने बाजूच्या फरशीवर टॉर्च मारला. तिरका प्रकाश पडल्यावर रेघा दिसायला लागल्या. चौकोन, त्याच्या आत चौकोन, त्याच्या आत अजून एक...

मी मोठ्यांदा ओरडले, ‘अगं बाई, नवकंकरी!’

सगळी टूर माझ्याकडे वळून बघायला लागली. गाईड म्हणाली, म्यूले, आम्ही याला म्यूले म्हणतो. मी तिला सांगत होते की माझी आजी ओट्यावर कोळशाने हाच पट काढते, तिच्याकडे चिंचोके आणि माझ्याकडे खडे. इंग्रजी, जर्मन, मराठी सगळं एकत्र झालं. तिला किती कळलं देव जाणे, पण ती हसत होती आणि मला मात्र परत रडू यायला लागलं, या वेळचं वेगळं होतं.

एवढंच सांगायचं होतं. झोप येत नाहीये म्हणून लिहिलं. कोणाला याबद्दल माहिती असेल तर सांगा ना, की तिथे नवकंकरी आली कुठून?

---

झोपाळू_कासव
रविवार, रात्री ११:५२

पहिला मी! मस्त लिहिलंय. आधी हीटर दुरुस्त करून घ्या.

---

लेणीवेडा
सोमवार, सकाळी ७:१५

वा वा, सकाळ सार्थकी लागली. हा माझा विषय आहे त्यामुळे जरा लांबण लावतो.

तीन चौकोन एकात एक, बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, एकूण २४ जागा, प्रत्येकाकडे नऊ खडे, तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. हा पट आपल्याकडे लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर, किल्ल्यांच्या देवडीत ढिगाने सापडतो. लोक शिल्पं बघत वर तोंड करून चालतात आणि नेमकं पायाखालचं राहून जातं. मी आता कुठल्याही देवळात गेलो की आधी खाली बघतो, बायको म्हणते याला देवाचं काही पडलेलं नाही.

तुमच्या सिंहासनात खरी गंमत काय आहे सांगू? पट उभ्या फरशीवर आहे असं तुम्ही लिहिलंय. उभ्या दगडावर खडे राहतील कसे? म्हणजे ती फरशी सिंहासनात बसवायच्या आधी कुठेतरी आडवी होती, जमिनीला किंवा पायरीला, आणि तिथे बसून कोणीतरी वेळ काढलाय. पहारेकरी असेल, वाट बघत बसलेला यात्रेकरू असेल. म्हणजे दगड दुसरीकडून आणला ही गोष्ट नुसती भाविकांची नाही, तो खेळच साक्ष देतोय. दगडावर कोरलेल्या पटाचं वय काढणं मात्र महाकठीण असतं, कारण कोणीही कधीही येऊन कोरू शकतो, त्यामुळे ‘रोमन सैनिकांनी खेळलेला’ वगैरे कोणी छातीठोक सांगितलं तर मान हलवायची आणि पुढे जायचं.

कुठून आला याचं उत्तर: हा खेळ रोमन जगात होता, आपल्याकडे आहे, मध्ययुगीन युरोपात तर घरोघरी. कोणी कोणाकडून घेतला यावर भांडू नये असं माझं मत आहे. तीन चौकोन काढायला पासपोर्ट लागत नाही.

---

आत्याबाई
सोमवार, सकाळी ९:४०

अगं लेकरा, किती छान लिहिलंस. आम्ही मे महिन्यात दुपारभर हेच खेळायचो, मोठी माणसं झोपली की माजघरात खडूने काढायचं आणि ती उठायच्या आत ओल्या फडक्याने पुसायचं. माझा धाकटा भाऊ अस्सा चिडका, हरायला लागला की पट उधळून द्यायचा.

जेवणाखाण्याचं काय करतेस? हीटर नाही तर गरम पाण्याची पिशवी घे, पायाशी ठेव.

---

स्पष्टवक्ता_७
सोमवार, दुपारी १:०५

छान. पण आपल्या लोकांना परदेशातलं चर्च दिसलं की रडू येतं आणि गावच्या देवळाची भिंत पडली तरी कोणी ढुंकून बघत नाही. शिवाय हा शार्लमेन कोण होता तेही लिहा ना. सॅक्सन लोकांना तलवारीच्या धाकाने बाटवलं त्याने. ७८२ साली फेर्डनला एका दिवसात ४,५०० लोकांची मुंडकी उडवली असं त्यांच्याच बखरीत आहे. अशा माणसाला संत म्हणतात.

---

लेणीवेडा
सोमवार, दुपारी १:३०

@स्पष्टवक्ता_७, बखरीत ४,५०० आहे हे बरोबर, आकडा फुगवलेला आहे का यावर इतिहासकार वाद घालतात, पण कत्तल झाली हे कोणी नाकारत नाही. संतपणाचीही गंमत आहे. त्याला संत केलं ११६५ साली, बार्बारोसाच्या सांगण्यावरून, आणि ते केलं खऱ्या पोपने नाही तर बार्बारोसाने उभ्या केलेल्या प्रतिपोपने! निव्वळ राजकारण, माझा पूर्वज संत म्हणजे माझी गादी पक्की. तेव्हा तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पण तो या पोरीच्या नावावर का फाडताय? ती सिंहासनाला नाही रडली, आजीला रडली.

आणि गावच्या देवळाची भिंत पडली असेल तर फोटो टाका, खरंच बघायला येतो.

---

केळीची_वाडी
सोमवार, रात्री ८:२०

मी वसईचा, कॅथलिक, घरात आम्ही कादोडी बोलतो. त्यामुळे या धाग्यावर दोन कारणांनी लिहिणं भाग आहे.

पहिलं म्हणजे घंटा. तुला मेणवलीची घंटा का आठवली ते मी सांगतो, कारण ती चर्चचीच घंटा आहे! १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि ठिकठिकाणी देवळांत बांधल्या. भीमाशंकरला एक, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक, आणि एक तुमच्या मेणवलीला. पुढच्या वेळी गेलीस की नीट बघ, तिच्यावर मारियामाता आहे बाळ येशूला घेऊन. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून गमतीत म्हणतात की आमच्या घंटा तुमच्याकडे उधार आहेत.

दुसरं म्हणजे चर्चमध्ये वागायचं कसं. परदेशात गेलेली आपली मुलं घाबरतात म्हणून सांगतो, कोणीही आत जाऊ शकतं, कोणी धर्म विचारत नाही. मिस्सा (म्हणजे आमची सामुदायिक उपासना) चालू असेल तर फिरू नये आणि फोटो काढू नये, मागच्या बाकावर बसावं, सगळे उठले की उठावं आणि बसले की बसावं. लोक गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही नुसतं बसलात तरी चालतं. परमप्रसादाला मात्र रांगेत जाऊ नका. आपल्याला वाटतं प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं, हात पुढे करावा. पण तो आपल्या शिऱ्यासारखा प्रसाद नाही, आमच्या दृष्टीने ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे आणि दीक्षा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचं असतं. माझा कॉलेजचा एक मित्र प्रेमापोटी रांगेत गेला आणि ती पांढरी चकती रुमालात बांधून घरी आईसाठी घेऊन निघाला होता! मी त्याच्यामागे पळालो अक्षरशः. मेणबत्ती मात्र खुशाल लावा, डब्यात नाणं टाकायचं आणि लावायची.

एक जाता जाता, जर्मनीत शिकायला जाणाऱ्या वसईकरांसाठी: तिकडे पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारतात. कॅथलिक लिहिलंत की नोकरी लागल्यावर चर्च टॅक्स कापतात, इन्कमटॅक्सच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८. विद्यार्थ्याला इन्कमटॅक्सच नाही तर काही कापत नाहीत, पण पहिल्या पगाराची स्लिप बघून माझ्या चुलतभावाने घरी फोन केला होता, ‘बाबा, इथे देव ईएमआयवर आहे.’

---

मुक्काम_आखेन
सोमवार, रात्री ११:३०

अय्या! एवढे प्रतिसाद! आणि मेणवलीची घंटा वसईची?! मी लहानपणी उड्या मारून मारून ती वाजवायचा प्रयत्न केलाय, आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथेच. आणि हे मला आखेनमध्ये बसून वसईच्या माणसाकडून कळतंय. धन्यवाद दादा. परमप्रसादाचं बरं सांगितलंत, मी नक्की रांगेत गेले असते.

लेणीवेडा काका, उभ्या फरशीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! अजून एक, त्या सिंहासनाच्या खाली बुटकी पोकळी आहे, यात्रेकरू तिच्यातून वाकून, रांगत जायचे म्हणे, दगड घासून गुळगुळीत झालाय. मला आपल्याकडे पालखीखालून जातात तेच आठवलं. त्यावर शार्लमेन स्वतः बसला होता का नंतरच्यांनी बसवलंय यावरही वाद आहेत असं गाईड म्हणाली.

आत्या, जेवण बरं चाललंय, मेन्सामध्ये (युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये) बटाटा, बटाटा आणि बटाटा. हीटर उद्या होईल म्हणालेत.

स्पष्टवक्ता, तुमचा राग मला कळतो. मेणवलीला पण पेशवाईतल्या चित्रांवर लोकांनी नावं कोरलीत. पण मी तिथेही लहानपणी रडलेय, घंटेपर्यंत हात पोचत नव्हता म्हणून.

सैतानाची गोष्ट सांगायची राहिली ना! मुख्य दाराला लांडग्याचं दार म्हणतात, ब्राँझचं, शार्लमेनच्या काळातलं, इथेच ओतलेलं, चारएक मीटर उंच. गोष्ट अशी की बांधकामाचे पैसे संपले, तेव्हा गावकऱ्यांनी सैतानाकडून कर्ज काढलं. अट काय, की पूर्ण झाल्यावर जो पहिला जीव आत शिरेल तो माझा. झालं, आत कोण जाणार? मग एका हुशार माणसाच्या डोक्यातून निघालं आणि लांडगा पकडून आत सोडला. अटीत माणूस असं कुठे लिहिलंय! सैतानाने रागाने दार एवढ्या जोरात आपटलं की त्याचा अंगठा सिंहाच्या तोंडात अडकून तुटला. दारावर सिंहाची मुंडकी आहेत त्यातल्या एकात बोट घातलं की आत काहीतरी टोचतं. मी घातलं. खरंच टोचतं. आणि आत मंडपात तो ‘लांडगा’ ब्राँझचा बसवलाय, पण नीट बघितलं तर ते अस्वल आहे हो, कुठल्याही अँगलने लांडगा नाही, आणि हे इथे सगळ्यांना माहितीये तरी सगळे लांडगाच म्हणतात.

---

झोपाळू_कासव
मंगळवार, सकाळी १०:०५

सैतानाचं कर्ज फेडण्यापेक्षा एज्युकेशन लोन बरं.

आखेन म्हटलं की मला हत्ती आठवतो. बगदादच्या खलिफा हारून अल रशीदने शार्लमेनला एक हत्ती भेट पाठवला होता, अबुल अब्बास नाव त्याचं. बगदादहून उत्तर आफ्रिका, तिथून जहाजाने इटली, मग आल्प्स ओलांडून ८०२ च्या जुलैत आखेनला पोचला. घेऊन येणारा आयझॅक नावाचा एक ज्यू दुभाष्या होता, बरोबर निघालेले बाकीचे दोन वकील वाटेतच वारले. तो हत्ती ८१० पर्यंत जगला. म्हणजे हे चर्च उभं राहत होतं त्याच दिवसांत त्या गावात एक हत्ती फिरत होता. त्याला जानेवारीत हीटर होता का हा माझा खरा प्रश्न आहे.

---

टाकसाळ
मंगळवार, दुपारी ४:१५

आमचा छपाईचा धंदा, आता मुलगा बघतो. आखेनच्या यात्रेचं आणि आमच्या धंद्याचं नातं आहे म्हणून लिहितो.

तिथे एक सोन्याची पेटी आहे, मारियेची, १२३९ ची. तिच्यात चार कापडं आहेत: मारियेचा झगा, बाळ येशूचं बाळंतं, क्रूसावरच्या येशूचं कमरेचं वस्त्र आणि योहानाचा शिरच्छेद केला तेव्हाचं कापड, अशी श्रद्धा. १३४९ पासून दर सात वर्षांनी ती बाहेर काढून लोकांना दाखवतात. पेटीचं कुलूप किल्लीने उघडत नाहीत, त्यात शिसं ओतून ठेवलेलं असतं आणि दर वेळी हातोड्याने फोडतात.

जुन्या काळी गर्दी एवढी व्हायची की ती कापडं लांबून, वरूनच दाखवायचे. मग लांब उभ्या माणसाने काय करायचं? तर टोपीला किंवा हातात छोटा धातूचा आरसा धरायचा, वस्त्रांचा तेजस्वी किरण त्यात पकडला जातो आणि घरी नेता येतो अशी समजूत. आणि हे आरसे हजारोंनी ओतून विकायचा धंदा कोणी काढला होता? गुटेनबर्गने! स्ट्रासबुर्गला भागीदारीत पैसे घातले, १४३९ च्या यात्रेसाठी माल तयार करत होते, आणि प्लेगमुळे यात्रा एक वर्ष पुढे गेली. भांडवल अडकलं, एक भागीदार मेला, त्याच्या भावांनी कोर्टात खेचलं. त्या खटल्याच्या कागदांवरूनच आपल्याला हे कळतं. धातू ओतायचं, एकासारखे एक नग काढायचं कसब पुढे अक्षरांच्या खिळ्यांना उपयोगी पडलं असणार असं आम्हा छापखानेवाल्यांना वाटतं, आता पुरावा मागू नका.

यात्रा पुढे ढकलल्यामुळे माल अंगावर पडणं हे दुःख पंढरपूरच्या बुक्केवाल्याला २०२० साली विचारा.

---

मांडवीकाठ
मंगळवार, रात्री ९:००

@टाकसाळ, २०२१ ची आखेनची यात्रा पण करोनामुळे २०२३ ला झाली. इतिहास परत तोच.

आमच्या गोव्यात जुन्या गोव्याला सेंट झेवियरचं शव दर दहा वर्षांनी दर्शनाला खाली आणतात, गेल्या खेपेला २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं ते २०२५ च्या जानेवारीपर्यंत. आमच्या घरात आम्ही हिंदू, पण आजी प्रत्येक वेळी जायची, रांगेत पाच-पाच तास उभी राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, ‘सायब सगळ्यांचो.’ ती चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली आहे, नीट बघितली तर हात आपल्या माणसाचा आहे हे कळतं. तिकडच्या पेट्या बघितल्या नाहीत, पण शार्लमेनची हाडं पण अशाच सोन्याच्या पेटीत ठेवलीत ना?

---

मुक्काम_आखेन
मंगळवार, रात्री १०:४५

हो, काचेच्या घरात आहे ती पेटी, १२१५ ची. पेटीच्या बाजूला सगळे जर्मन राजे बसलेत ओळीने. जिथे संत असायला हवेत तिथे राजे, हे मला तेव्हा खटकलं नव्हतं, लेणीवेडा काकांचं प्रतिपोप प्रकरण वाचून आता कळतंय.

आज लेक्चर झाल्यावर खजिन्याच्या म्युझियमला गेले (याला तिकीट आहे, विद्यार्थ्यांना कमी). तिथे एक सोन्याचा क्रूस आहे, साधारण १००० सालचा, रत्नं जडवलेला, आणि बरोब्बर मध्यभागी, जिथे येशू पाहिजे, तिथे ऑगस्टसचा चेहरा! रोमन सम्राट, ख्रिस्ती सुद्धा नाही. जुनं, सुंदर, राजाचं म्हणून बसवून दिलं. आणि शार्लमेनला आधी ज्या दगडी शवपेटीत पुरलं होतं असं मानतात ती पण रोमन, तिच्यावर पर्सेफनीला पाताळात पळवून नेतात ती गोष्ट कोरलेली. म्हणजे एवढा मोठा ख्रिस्ती बादशहा, आणि झोपला कुठे तर दुसऱ्याच धर्माच्या देवीच्या गोष्टीत. अष्टकोनातले खांब त्याने रोम आणि इटलीतल्याच रावेन्नाहून आणवले, १७९४ ला फ्रेंच सैन्याने ते काढून पॅरिसला नेले, १८१५ नंतर बरेचसे परत आले, काही अजून तिथल्या लूव्ह्र म्युझियममध्ये आहेत. वसईच्या दादांच्या घंटा एकट्या नाहीत म्हणजे.

कालपासून एक वाटतंय, की हे चर्च मी बाहेरून बघायचे तेव्हा मला वाटायचं हे ‘त्यांचं’ आहे, एकसंध, आणि मी पाहुणी. आता बघते तर जेरुसलेमची फरशी, रोमचे खांब, रावेन्नासारखा घुमट, घुमटातलं मोझेक तर एकोणिसाव्या शतकातलं आणि काचा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, कारण जुन्या बॉम्बहल्ल्यांत फुटल्या. सगळा गोळाच आहे. युद्धात शाळकरी वयाच्या पोरापोरींची एक आग विझवणारी तुकडी रात्री छतावर पहाऱ्याला असायची, आगीचे बॉम्ब पडले की विझवायचे, म्हणून हे उभं राहिलं. हे सांगताना गाईडचा आवाज बदलला होता. शार्लमेनबद्दल सांगताना नव्हता बदलला.

---

हॅम्बुर्गची_सून
बुधवार, सकाळी ११:२०

छान धागा. जर्मन शिकतेयस तर एक शब्द घे: त्स्विकम्यूले. म्यूले म्हणजे नवकंकरी, आणि त्स्विकम्यूले म्हणजे अशी मांडणी की एकच खडा इकडे सरकवला तरी तीन जुळतात, परत तिकडे सरकवला तरी तीन जुळतात, समोरच्याला सुटकाच नाही. इकडे आड तिकडे विहीर झालं की जर्मन माणूस म्हणतो मी त्स्विकम्यूलेत अडकलोय. माझ्या सासूबाई दर दिवाळीला म्हणतात, कारण मुलगा म्हणतो घरी या आणि मुलगी म्हणते माझ्याकडे या.

आणि प्रिंटेन खाल्लेस का? आखेनचा मसालेदार बिस्किटासारखा प्रकार. कडक घेऊ नकोस, दाताचा डॉक्टर इथे तीन महिन्यांनी भेटतो.

---

स्पष्टवक्ता_७
बुधवार, दुपारी २:५०

छतावरच्या पोरांचं माहीत नव्हतं. चांगलं लिहिलंय.

@लेणीवेडा, फोटो पाठवलेत व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने). ओट्यावर काहीतरी चौकोन आहेत खरे, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

---

लेणीवेडा
बुधवार, दुपारी ३:१०

येतोय. या रविवारी. पिठलं-भाकरी लागेल.

---

मुक्काम_आखेन
शुक्रवार, रात्री ११:५५

अपडेट: हीटर झाला. आणि नवकंकरी पण झाली!

रूममेट जर्मन आहे, तिला सिंहासनाची गोष्ट सांगितली तर तिला माहीतच नव्हतं, जन्मापासून आखेनची असून. मग पिझ्झाच्या खोक्याच्या मागे पट काढला, तिच्याकडे राजमा, माझ्याकडे छोले. तीन डाव हरले ओळीने. चौथ्याला व्हिडिओ कॉलवर आजीला घेतलं. आजी मराठीत सांगायची, कोपऱ्यातला उचल, तो नको, तो नको, आणि रूममेट ओरडायची की ही चीटिंग आहे, तुम्ही दोघी आहात. मग शेवटी तिच्याकडे तीनच राजमे उरले आणि तिने एक उचलून सरळ पटाच्या पलीकडे ठेवला! मी म्हटलं हे काय. तर त्यांच्यात नियम आहे, तीनच उरले की कुठेही उडी मारता येते. आजीला सांगितलं तर आजी भडकली, ‘उडी कसली? रेघेवरून चालायचं मुकाट्याने.’ डाव तिथेच थांबलाय, खोकं कपाटावर तसंच ठेवलंय, कोणी हलवायचं नाही असं ठरलंय.

तुमच्याकडे तीन उरल्यावर उडी मारू देतात का? प्लीज सांगा, आजी रोज विचारतेय.

---

आत्याबाई
शनिवार, सकाळी ८:३०

नाही ग, आमच्याकडे उडी नव्हती. पण धाकटा भाऊ मारायचा.